एका चुलीचं पथ्य

लहानथोरांनो, ऐका. फार जुना काळ होता. राजाचं नाव साऱ्या लोकांना ठाऊक असे, लोकांचं नाव मात्र राजाला ठाऊक नसे. त्या काळी जंगलाच्या कडेला डोंगरावर एक वस्ती होती. तिथली माणसं नाचणी पिकवत, डुकरं पाळत आणि एक रीत कसोशीनं सांभाळत. थोरल्या माणसानं पथ्य म्हणून जे सोडलं, ते साऱ्या घरानं सोडायचं. चूल एक, म्हणून पथ्यही एक.

त्या वस्तीत एक म्हातारा होता. डुकराच्या मांसावर त्याचा भारी जीव. त्यातही खारवलेल्या चरबीचा जाड तुकडा तळून हवा, सकाळी आणि संध्याकाळीही. होता होता त्याचे पाय सुजले, चढण चढताना दम लागू लागला. वैद्याला बोलावणं गेलं. वैद्यानं नाडी पाहिली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "हे मांस बंद. घाणीत लोळणारं जनावर ते. अंगाला कसं मानवेल?"

म्हाताऱ्यानं मांस सोडलं, रीतीप्रमाणे घरानंही सोडलं. त्याची सूज उतरली. वस्ती वैद्याचे गोडवे गाऊ लागली.

पण त्याच घरात नुकतीच बाळंत झालेली सून होती. वस्तीत दूधदुभतं नव्हतं, डाळ क्वचित मिळे. अंगात बळ येई ते याच मांसानं, आणि तेच गेलं. उरली भाकरी आणि पाल्याची पातळ भाजी. सून पांढरीफटक पडली. हंडा उचलताना भिंत धरू लागली. बाळ छातीशी लागे आणि उपाशीच रडत बाजूला होई.

एके दिवशी तिला अंगणातच भोवळ आली. म्हाताऱ्यानं धावत जाऊन पाणी पाजलं. "पोरी, नीट जेवत का नाहीस?"

"जेवते की, आबा. तुमचं पथ्यच जेवते."

"थोरल्यांशी असं बोलतात होय?" सासू करवादली.

"खोटं काय बोलली ती?" म्हातारा म्हणाला आणि काठी उचलून थेट वैद्याच्या दारात गेला.

"वैद्यबुवा, नाडी कुणाची पाहिलीत?"

"तुझी."

"मग उपाशी माझी सून का?"

"ते मला काय विचारतोस? रीत तुमची."

"रीत आमची, चूकही आमची. पण घाणीत लोळणारं जनावर म्हणालात, ते माझ्या नाडीत दिसलं होतं? ते ऐकल्यापासून पोरीला मागायचीही लाज वाटते."

वैद्यानं हातातला खल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "नाडीत नव्हतं. आमच्या घरी हे खात नाहीत, म्हणून तोंडून गेलं. तुझं दुखणं चरबीचं, मिठाचं आणि दोन्ही वेळच्या हावरेपणाचं. चल, सुनेला पाहू."

त्यानं सुनेला तपासलं. "हिला मांस द्या. चरबी काढून, आतपर्यंत शिजवून. सोबत पालेभाजी, मिळेल तेव्हा डाळ."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मलाही..."

"तुला कधीमधी बिनचरबीचा लहानसा तुकडा, उकडलेला. खारवलेलं आणि तळलेलं विसर."

"जीव घ्या त्यापेक्षा," म्हातारा पुटपुटला. सुनेला हसू आवरेना.

"पण चूल तर एकच," सासू म्हणाली.

म्हाताऱ्यानं स्वतः तीन दगड आणून अंगणात दुसरी चूल मांडली. शेजारी राहणारा वस्तीचा कारभारी कुंपणापाशी आला. "सुनेपायी रीत मोडलीत, आबा? उद्या ती तुम्हाला वाढायची नाही."

"न वाढू दे. हात धड आहेत माझे. माझे पाय सुजले तेव्हा तू आपल्या पायांना लेप लावलास का रे?"

कारभारी आल्या पावली परतला. त्या संध्याकाळी अंगणभर मांसाचा घमघमाट सुटला. म्हातारा समोर बसून अळणी पेज प्यायला. सोपं नव्हतं ते. पण सुनेच्या ताटाकडे त्यानं हात नेला नाही.

हळूहळू सुनेच्या गालांवर रंग आला. बाळ पोटभर पिऊन झोपू लागलं. पुढे वस्तीत कुणी आजारी पडलं, की लोक आधी विचारत, पथ्य नेमकं कुणाला सांगितलंय?

सांगायचं ते इतकंच: काय खावं, हे खाणाऱ्याच्या शरीराकडे पाहून ठरवावं, दुसऱ्याच्या किळसेवरून नाही आणि स्वतःच्या जिभेवरूनही नाही.