सरकारांचं इंग्रजी आणि पंखेवाल्याची राही

निंबगडात राजे रणधवलराव राज्य करायचे, त्यांच्या डोक्यावरचा पंखा धोंडू ओढायचा, आणि धोंडूचा खांदा धरला की त्याची लेक राही दोरी हातात घ्यायची. राज्य ठीक चाललं होतं. पंखाही ठीक चालला होता. घोडं अडलं होतं ते राजांच्या इंग्रजीपाशी!

इंग्रजीतलं क्रियापद एकटं फिरत नाही बघा. त्याच्या मागं एक चिमुकलं शेपूट असतं, आणि शेपूट बदललं की जनावरच बदलतं. 'पुट'ला 'ऑन' लावलं की कपडे अंगावर चढतात, 'आउट' लावलं की दिवा विझतो, 'ऑफ' लावलं की आजचं काम उद्यावर जातं. राजे मात्र हाताला येईल ते शेपूट लावायचे. मास्तरांनी चूक दाखवली की मास्तर घरी! असे पाच गेले. सहावा नुसती मान डोलवायला शिकला.

एके दुपारी हुजऱ्यानं पडदे वर केले, दिवाणखान्यात ऊन आलं, तरी दिवा जळतच होता. राजे ओरडले, "क्लोज द लॅम्प!"

मास्तरांनी मान डोलावली.

"पुट आउट," पंख्याच्या दोरीपाशी कुणीतरी पुटपुटलं.

"कोण ते?"

"मी, सरकार." राही उभी राहिली.

"तुला इंग्रजी येतं?"

"सहा मास्तर ऐकलेत, सरकार. हात दोरीला बांधलेले होते, कान मोकळेच होते."

राजांच्या मिशा थरथरल्या. "असं? आठ दिवसांनी इंग्रजांचे बडे साहेब येताहेत. तोवर आम्हाला शिकव! साहेबांपुढं आमची एक जरी चूक झाली, तर तुझा बाप संस्थानाबाहेर! आणि शिकवताना 'सरकार चुकले' म्हणालीस, तरी तुझा बाप संस्थानाबाहेर!"

धोंडू घरी जाऊन भांडी बांधायला बसला. "अगं, चूक न दाखवता शिकवायचं तरी कसं?"

"आबा, पातेलं तेवढं बाहेर ठेवा. आठ दिवस भात शिजवायचाय."

दुसऱ्या दिवशी राही राजांपुढं उभी राहिली. "सरकार, मी बोलते, आपण ऐका." आणि हुजऱ्याकडं वळून तिनं हुकूम सोडला, "क्लोज द लॅम्प!"

"अगं ए!" राजे गरजले. "दिवा म्हणजे काय कवाड आहे? पुट आउट!"

"पुट आउट. चुकलेच की मी, सरकार."

राजांना फार बरं वाटलं.

मग राही रोज राजांचीच एकेक चूक आठवायची आणि आपल्या तोंडानं करायची. "पुट ऑफ युवर हॅट" म्हणाली, तेव्हा राजांना नुसताच संशय आला. त्यांनी मास्तरांचं जाडजूड पुस्तक मागवलं, बोट फिरवलं आणि आनंदानं ओरडले, "टेक ऑफ! टेक ऑफ!" चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आय ॲम हॅविंग फोर एलिफंट्स."

"हॅव! नुसतं हॅव! हत्ती आहेत म्हणजे आहेत. 'हॅविंग' कशाला? उद्या पळून जाणारेत की काय?"

पुढं पुढं राजे तिला पकडायला म्हणून जेवणाच्या ताटावरही पुस्तक उघडून बसू लागले.

बडे साहेब आले. राजांनी त्यांना हॅट काढायला सांगितली, दिवा मालवायला लावला, चारही हत्ती दाखवले. एकही शेपूट चुकलं नाही! साहेब म्हणाले, असं चोख इंग्रजी आमच्या कचेरीतही कुणी बोलत नाही.

साहेब गेल्यावर राजांनी राहीला दरबारात बोलावलं. धोंडू खांबाला धरून उभा.

"पोरी, साहेबांशी बोलताना आमच्या ध्यानात आलं. तुझ्या त्या चुका आमच्या ओळखीच्या होत्या. खरं सांग, कुणाच्या होत्या?"

'सरकारांच्या' म्हणावं तर बाप जातो. 'माझ्या' म्हणावं तर जिला येत नाही तिनं शिकवलं काय?

"बेवारस होत्या, सरकार," राही म्हणाली. "दिवाणखान्यात पडलेल्या. मालक कोणी पुढं येईना, मग मी उचलल्या."

"बेवारस माल सरकारजमा होतो, ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर घाईनं उचलल्या, सरकार!"

मग राजे हसले, आणि असे हसले की मुकुट सावरायला दोन हुजरे धावले!

राही राजवाड्याच्या शाळेत मास्तरीण झाली. धोंडूला नदीकाठची पाच बिघे बागायत मिळाली, आणि त्याच साली त्याच्या दारात दोन दुभत्या म्हशी बांधल्या गेल्या.