सॉरीची कुळकथा

"पण बुवा, माफी मागायला शब्दच पुरा पडत नसेल, तर माणसानं करायचं काय?"

निरंजनबुवा पळसाची पानं टाचत बसले होते. पत्रावळीतून मान वर न काढता म्हणाले, "कंचा शब्द?"

"सॉरी."

"ह्यो तर शाळंतली पोरंबी म्हणत्यात."

"म्हणतात. पण तो कळलाय कुणाला?"

हे विचारणारे प्राध्यापक मार्तंड घुले. प्रवरेकाठच्या याच मठात, याच ओट्यावर बुवांनी त्यांच्याकडून पहिली अक्षरं गिरवून घेतली होती. पुढे ते शहरात गेले आणि इंग्रजी शब्दांची मुळं खणण्यात त्यांनी उभा जन्म घातला. या एका शब्दावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. तो आता त्यांच्या मांडीवर होता. कुणी न विचारताही सांगत सुटायची त्यांना सवय, आणि इथं तर बुवांनी चक्क "सांग की" म्हटलं.

मार्तंडराव सावरून बसले.

"लोकांना वाटतं, सॉरी हा सॉरोमधून आला. सॉरो म्हणजे दुःख. दोघं दिसायला सख्खे भाऊ. पण कूळ वेगळं, बुवा! शेजारी राहून राहून एकाचा तोंडवळा दुसऱ्यासारखा झाला, एवढंच. सॉरी आला तो सोअरच्या घरातून. सोअर म्हणजे दुखरं, ठणकणारं. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातला माणूस हा शब्द उच्चारायचा, तेव्हा त्याला म्हणायचं असायचं की मला आत दुखतंय."

बुवांनी पानात काडी खोचली. "फुडं?"

"पुढं तो झिजला. पाय लागला, सॉरी. नीट ऐकू आलं नाही, सॉरी. गर्दीतून वाट हवी, सॉरी. तुमचं काम होणार नाही, सॉरी. कुणाचं माणूस गेलं, तरी सॉरीच. आणि एखाद्याची पार रया गेली असेल, तर त्या अवस्थेलाही इंग्रज हेच विशेषण लावतो."

वर्गात या जागी टाळ्या पडायच्या. मार्तंडराव सवयीनं थांबले. मठात एक कुत्रं तेवढं कान खाजवत होतं.

"मंजी ह्यो शब्द बोलला, की दुखणं कुणाचं?" बुवांनी विचारलं.

"बोलणाऱ्याचं."

"आन ज्याला लागलंय त्याचं?"

"त्याचं..."

मार्तंडरावांनी ग्रंथाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"त्याचं त्या शब्दात नाही, बुवा."

मठाच्या मागच्या अंगणातून आमटीचा वास येत होता. तिथं मोठाली पातेली चढली होती. मार्तंडरावांचे थोरले भाऊ रंभाजी, त्यांचं आज वर्षश्राद्ध. त्यांच्या बायकोनं, हौसावैनीनं, गाव जेवायला सांगितलं होतं. मार्तंडरावांना सांगावा नव्हता. ते आपणहून आले होते, आणि सकाळपासून बुवांपुढं बसून होते. मागच्या अंगणात जायची छाती होत नव्हती.

"वैनीला भेटलास?"

"नाही."

"का?"

"दादा गेले तेव्हा मी परदेशात होतो. फोनवर म्हणालो, व्हेरी सॉरी, वैनी. त्या म्हणाल्या, कशाबद्दल, भावजी?"

"मग?"

"मी फोन ठेवला... नंतर कळवलं, रेंज गेली होती."

बुवांनी नवं पान उचललं, उलटं केलं, पुसलं.

"कशाबद्दल रं, मार्तंडा?"

बुवांना ठाऊक नव्हतं असं नाही. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पण मार्तंडरावांच्या तोंडून ती गोष्ट आजवर कुणीच ऐकली नव्हती.

"माझ्या मुलीचं लग्न होतं. शहरातलं कार्यालय, सगळं केटररकडे दिलेलं. दादा आले, मांडव बघून हरखले. आणि कमरेला पंचा गुंडाळून सरळ मठ्ठ्याची बादली घेऊन पंगतीत शिरले."

"घरचं कार्य. घरच्यानं वाढाया नको?"

"आपल्याकडं हो. तिथं मात्र वाढपी वेगळे असतात, बुवा. आमचे कुलगुरू जेवत होते. दादांनी आग्रह करकरून त्यांचा पेला काठोकाठ भरला. थोडा मठ्ठा त्यांच्या कोटावर सांडला. त्यांनी मला विचारलं, हे कोण?"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो... वाढपी आहे."

"आन रंभाजी?"

"मागंच उभे होते."

कुत्रं उठून सावलीला गेलं.

"काही बोलले नाहीत. शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले. मग बादली धुऊन पालथी घातली, आणि न जेवता वैनींना घेऊन निघून गेले. पुन्हा माझ्या दारात आले नाहीत. मीही इकडं आलो नाही. बुवा, माझ्या पहिल्या इंग्रजी कोशाला दादांनी खळ लावून पुठ्ठा चढवला होता. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. हात धुऊन मगच त्याला हात लावायचे. त्या माणसाला मी..."

त्यांना लाज वाटत होती, आणि ती आता सांगायला दादा उरले नव्हते.

त्यांनी ग्रंथ पुढं केला. "हा दादांना अर्पण केलाय. वैनींना देऊ?"

बुवांनी तो हातात घेतला. वजन अजमावलं. मग टाचलेल्या पत्रावळींच्या ढिगावर ठेवून दिला.

"बरं झालं. पानं मुडपाय लागली हुती."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले, मागं गेले आणि आमटीची बादली अन् ओगराळं घेऊन आले. स्वतःच्या खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी मार्तंडरावांच्या कमरेला गुंडाळला.

"बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "शेवटच्या पंगतीपतोर."

प्राध्यापकांनी जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. पहिल्याच पानावर आमटी भाताऐवजी मिठावर पडली. एक म्हातारा चिडला, "आरं, बघून!" दुसऱ्या पंगतीत पँटवर ओघळ आला. तरण्या पोरांनी ओळखलं नाही. जुन्या माणसांनी ओळखलं, आणि पानात बघून जेवत राहिली. ऊन डोक्यावर आलं. वाकून वाकून पाठ धरली. आग्रह तर करायचा, पण तोंड उघडायचं नाही, म्हणून मार्तंडराव प्रत्येकापुढं नुसते उभे राहायचे.

शेवटच्या पंगतीला बायका बसल्या. टोकाला हौसावैनी.

मार्तंडराव तिथवर पोचले. वैनीला आधी बादली दिसली, मग पंचा. मग तिनं मान वर केली.

आणि आपल्या पानावर हात आडवा धरला.

पुरे झालं की पंगतीत असा हात धरतात. वैनीच्या पानात अजून कोरडा भातच होता.

मार्तंडरावांच्या ओठांवर तो शब्द आला, अगदी दातांपर्यंत. त्यांनी तो गिळला. वाकलेले तसेच वाकून राहिले. भरलेल्या ओगराळ्यातून आमटी थेंब थेंब बादलीत पडत होती. शेजारच्या बायकांचे घास थांबले...

बऱ्याच वेळानं वैनीनं हात काढला. बोटांनी भाताला आळं केलं.

मार्तंडरावांनी त्यात आमटी वाढली. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

वैनीशेजारी तिची माहेरची म्हातारी बसली होती. ती डोळे बारीक करून बघत होती. बुवा पाण्याचा तांब्या घेऊन आले, तसं तिनं विचारलं, "बुवा, ह्यो पावना कोन म्हनायचा?"

वैनीचा हात भातातच थांबला.

मार्तंडराव बुवांकडं बघत राहिले. रंभाजीचा भाऊ, एवढे दोन शब्द त्यांना हवे होते. त्यासाठी त्यांनी सगळा ग्रंथ देऊन टाकला असता.

बुवांनी म्हातारीच्या भांड्यात पाणी ओतलं.

"वाढपी हाय," ते म्हणाले. "...अजून जेवला न्हाई."