महाराजांनी दाखवलेली जागा

“वाळूवर घर बांध! आणि कितीही मोठा पूर आला तरी ते पडता कामा नये!” तांबडगडचे राजे भूपालराव सिंहासनावरून गरजले. “घर उभं राहिलं तर तुझा भाऊ सुटला. पडलं, तर तोही त्याच्याबरोबर वाहून जाईल. कारण पूर येईल तेव्हा तो आतच बसलेला असेल!”

समोर तबीता उभी होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ शांतवन, हात बांधलेला. बहीणभाऊ उन्हाळ्यात नदीच्या पात्रात टरबुजं लावून पोट भरायचे. आईबाप नव्हते. तिला तो आणि त्याला ती.

शांतवनचा गुन्हा एवढाच, की तो हसला होता.

झालं होतं असं. दरबारात एक ख्रिस्ती कीर्तनकार आला होता. टाळ वाजवत त्याने बायबलातली गोष्ट सांगितली. शहाण्याने खडकावर घर बांधलं, मूर्खाने वाळूवर. पाऊस कोसळला, पूर आला, वारा सुटला. शहाण्याचं घर जागचं हललं नाही, मूर्खाचं धाडकन पडलं!

दरबारातल्या माना खाली गेल्या. कारण राजांनी मागच्या वर्षी नदीच्या वाळूत जलमहाल बांधला होता आणि पहिल्याच पुरात त्याच्या कमानी वाहून गेल्या होत्या. प्रधानजी छताकडे बघू लागले. सेनापतींना खोकला आला. आणि खाली टरबुजांची पाटी घेऊन उभा असलेला शांतवन फस्सकन हसला!

“म्हणजे मी मूर्ख?” राजांचे डोळे लाल झाले. “वाळूवर घर टिकतं! मी सांगतो म्हणून टिकतं!”

आणि हा हुकूम सुटला.

तबीताने हात जोडले. “बांधते महाराज. फक्त जागा आपण दाखवा.”

राजे लगेच नदीवर गेले. ऐन पात्राच्या मध्यावर त्यांनी काठी रोवली. “इथे!”

आठ दिवसांत तबीताने बांबू रोवले, तट्ट्या बांधल्या, वर गवत शाकारलं. छान ऐसपैस खोप झाली. मधल्या खांबाला शांतवनला बांधलं होतं आणि पहारेकरी बाजूला विडी ओढत बसला होता.

“अक्का, बांबू काय रोवतेस? नाव बांध, नाव!”

“तू गप्प बस रे. तुझ्या तोंडामुळेच आलोय इथवर.”

“तोंड नाही गं, हसू!”

“तेही तोंडातूनच येतं ना, शहाण्या?”

शांतवनला बहिणीचं काही कळेना. घर झालं तरी ती निवांत. रोज सकाळ-दुपार नुसती धारेपाशी जाऊन ओंजळीत पाणी घ्यायची, बघायची, टाकून द्यायची. एका दुपारी मात्र ओंजळ बघताच ती तरातरा परत आली आणि पहारेकऱ्याला म्हणाली, “राजांना सांगा, घर तयार आहे. जेवायला बोलावलंय. आम्हा वाळूत राहणाऱ्यांची रीत आहे, जागा ज्याने दाखवली त्याने नव्या खोपीत पहिलं जेवण जेवायचं. तोवर घर पुरं झालं म्हणत नाहीत.”

राजांना मान आवडायचा. ते हत्तीवरून आले, हत्ती काठावर ठेवला. चटईवर मांडी घातली. गरम भाकरी, वांग्याचं भरीत, शेवटी टरबुजाची लालभडक फोड!

“वा! काय गार वारा येतोय! बघ, म्हटलं नव्हतं मी? वाळूवर घर टिकतं!”

“टिकणारच महाराज. अजून एक भाकरी घ्या. फक्त जरा भराभर जेवा. पाणी तांबडं झालंय, काडीकचरा आणि फेस यायला लागलाय. डोंगरात पाऊस झालाय. घटकाभरात पूर येईल.”

राजांच्या हातातला घास हातातच राहिला.

“कुठे येईल?”

“इथेच. तुम्ही दाखवलेल्या जागेवर.”

राजे ताडकन उठले. तबीता दारात आडवी आली.

“असं पहिलं जेवण अर्धवट टाकून उठू नये महाराज! आणि भीती कसली? घर तुमच्या हुकमाचं आहे.”

“पाणी हुकूम ऐकतं का गं?”

“मग माझा भाऊ बसलाय की निवांत!”

“मी कुठे निवांत आहे?” शांतवन खांबाला हिसके देत ओरडला.

“तो कैदी आहे!” राजे पागोटं सावरत किंचाळले. “पूर येत असताना वाळूवरच्या घरात बसून राहायला मी काय मूर्ख आहे?”

पहारेकऱ्याच्या तोंडातली विडी गळून पडली. तबीता दारातून बाजूला झाली आणि शांतपणे म्हणाली, “महाराज, माझा भाऊ नुसता हसला होता. बोललात ते तुम्ही! हसणाऱ्याला खांबाला बांधलंत. आता बोलणाऱ्याला कुठे बांधू?”

वरच्या अंगाने नदीची घरघर ऐकू येऊ लागली. राजांनी तिच्याकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. मिशी थरथरली, गाल फुगले आणि ते पोट धरून हसत सुटले. “अरे, सोडा त्या पोराला! लवकर! नाहीतर आपण सगळेच जाऊ!”

सगळे धावत काठावर पोहोचले तोच पाण्याचा लोंढा आला. तट्ट्या, बांबू, भरिताचं पातेलं, सगळं गेलं.

“पोरी,” राजे धापा टाकत म्हणाले, “घर पडलंच की गं तुझं!”

“माझं कुठलं महाराज? जागा तर आपली होती!”

राजे पुन्हा असे हसले की हत्ती दचकला. मग त्यांनी काठी उचलून नदीवरच्या काळ्या कातळाच्या माळाकडे रोखली. “तो सगळा माळ तुम्हा बहीणभावाचा! वर चार खणांचं दगडी घर मी बांधून देतो.” पण लगेच ते थबकले, काठी खाली घेतली आणि तबीताच्या हातात दिली.

“छे! जागा तूच दाखव.”