तारिसची हाक

तो काळा खडक दिसतो ना, त्याच्यावर चढू नका. फोटो इथूनही छान येतो. मी रिबकाबाई नवगावकर. कोकणातून इथे, भूमध्य समुद्राच्या काठी येऊन मला चाळीस वर्षं झाली, पण आलेल्या पाहुण्यांना मराठीतून रागवायची हौस काही फिटत नाही.

या गावाला तारिस का म्हणतात, यावरून इथे रोजची भांडणं. संग्रहालयातले साहेब म्हणतात, तारिस नावाचा ग्रीक सरदार होता. पाद्रीबाबा म्हणतात, संत होता. म्हणोत बापडे. किनाऱ्यावरच्या आम्हा बायकांना विचाराल, तर तारिस साधा कोळी होता.

त्या काळी धुकं पडलं की प्रत्येक कोळीण किनाऱ्यावरून आपल्या नवऱ्याला नावाने हाक मारायची आणि आवाजाच्या रोखाने तो होडी आणायचा, असं सांगतात. तारिसची बायको लिदा. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. एका सकाळी दाट धुकं उतरलं. हाक लवकर पोचावी म्हणून ती वेडी बंदराच्या तोंडाशी थांबली नाही, त्या काळ्या खडकाच्या टोकावर जाऊन उभी राहिली. त्याने आवाज ओळखला आणि होडी सरळ तिकडे घातली. तिच्या डोळ्यांदेखत ती फुटली. तारिस सापडलाच नाही.

लोकांना वाटलं, आता ही समुद्राचं तोंड पाहणार नाही. पण पुढच्या धुक्यात ती बंदराच्या तोंडाशी आली आणि तारिसलाच हाका मारू लागली. कुणीतरी म्हणे तिला समजावलं, बाई, तो आता यायचा नाही.

ती म्हणाली, "मग दुसरे तरी येऊ देत."

बाकीच्या बायका गप्प झाल्या. त्या दिवशी सगळ्या होड्या त्या एका हाकेवर सुखरूप आत आल्या. मरेपर्यंत तिने हा नेम मोडला नाही, आणि येणारेजाणारे खलाशी बंदरालाच तारिस म्हणू लागले.

आता दीपगृह आहे, सगळं आहे. तरी आजही धुकं पडलं की आम्ही बायका बंदराच्या तोंडाशी जमतो आणि तारिसला हाक मारतो. आपल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, असा रिवाज. मला तो सोपा गेला, आपल्याकडे नवऱ्याचं नाव कोण घेत होतं? 'तू पुढे हो, मी मागून येतो' म्हणाले आमचे हे, आणि नवगावच्या कबरस्तानातच राहिले. फार आठवण येते हो.

गेल्या हिवाळ्यात सगळ्या तारिस, तारिस म्हणत होत्या आणि माझ्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ह्यांचं नाव निघालं, "एलिजा." मी घाबरले. बाकीच्या बायका गप्प झाल्या, आणि त्यांनी मला पुन्हा हाक मारू दिली.