जनू घोलपने सहा सर्व्हर उभे केले

कासारटेक नावाच्या गावात एक भोळा माणूस होता. नाव जनू घोलप, वय अडतीस. भोळा हा शब्द त्याच्या बहिणीचा. गावाचा शब्द वेगळा होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

बहिणीचा नवरा सर्जेराव दूध संघाचा चेअरमन. त्यामुळे जनू संघाच्या कॉम्प्युटर खात्यात चिकटला. "आमचा मेहुणा सांगितलेलं तंतोतंत करतो," असं सर्जेराव कौतुकाने सांगायचे. ते खरंच होतं. गोम तिथेच होती.

त्या वर्षी संघाने सहा नवे सर्व्हर घेतले. दुधाचं वजन, फॅट, टँकरचा नंबर, सगळी नोंद त्यांच्यावर व्हायची. सर्व्हर बंद तर माप बंद. माप बंद तर दूध उन्हात. पुढचं दुधाच्या गावाला सांगावं लागत नाही.

खात्याच्या प्रमुख केसकर मॅडम. बावीस वर्षं नोकरी झालेली, रक्तदाबाची गोळी सुरू. त्यांनी एक सोय बसवली होती. कोपऱ्यातल्या यंत्रावर एक फाईल लिहायची आणि पडद्यावरची एक कळ दाबायची. मग सहाही सर्व्हरना नाव, नेटवर्कचा पत्ता, नेटवर्कमधून बाहेर जायचं दार म्हणजे गेटवे, सगळं आपोआप मिळायचं. माणसाने फक्त फाईल नीट लिहायची. म्हणजे तेवढंच काम जनूला होतं.

मॅडमनी नमुना दिला. "घोलप, हा बघून फाईल करा. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

जनूने एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. कळ दाबली. सहाही सर्व्हर सुरू झाले आणि सहाही पडद्यांवर इंग्रजी अक्षरांत एकच नाव आलं: 'नाव-इथे-लिहा'.

"अहो, नमुन्यातलं काय उतरवता?" मॅडम म्हणाल्या. "आपलं लिहायचं असतं, आपलं!"

"आपलं लिहायचं," जनू म्हणाला. पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी पत्त्याची ओळ आली. जनूने आपलं लिहिलं. कळ दाबताच पडदा लालभडक झाला. मॅडम धावत आल्या.

"मुक्काम पोस्ट कासारटेक, खंडोबाच्या देवळामागे. हे काय आहे?"

"पत्ता."

"कुणाचा?"

"आपला."

मॅडमनी गोळी घेतली. "नेटवर्कचा पत्ता म्हणजे आकडे. चार आकडे, मध्ये टिंबं." त्यांनी चिटोऱ्यावर एक पत्ता लिहून दिला. "असा. मी देते तोच घाला. स्वतःचं डोकं चालवू नका."

ही सूचना पाळणं जनूला अजिबात जड गेलं नाही. त्याने तोच पत्ता सहाही सर्व्हरना घातला. मग एक सर्व्हर बोलायला लागला की दुसरा गप्प व्हायचा. दुसरा बोलला की तिसरा मध्ये पडायचा. मॅडम तीन तास टेबलाखाली वायरी तपासत होत्या. जनू टॉर्च धरून उभा होता. शेवटी त्यांनी फाईल उघडली.

"एका पत्त्यावर सहा जण कोंबलेत?"

"चाळीत राहतात की, मॅडम."

"ही चाळ नाही! सहा यंत्रं म्हणजे सहा वेगळे पत्ते. प्रत्येकाला वेगळं द्यायचं. वेगळं!"

"प्रत्येकाला वेगळं." तेही पाठ झालं.

त्याने खरोखर सहा वेगळे पत्ते घातले. मॅडमना वाटलं, सुटलो. पण त्याच फाईलमध्ये खाली बाहेर जायच्या दाराची ओळ होती. दार सगळ्या संघाला एकच. जनूने तीही प्रत्येकाला वेगळी दिली. एक दार खरं होतं, पाच त्याने कल्पनेने बांधली.

सकाळी माप सुरू झालं आणि पाच सर्व्हर नसलेल्या दारांवर टकटक करत बसले. फाटकाबाहेर कॅनची रांग लागली. दहा वाजले, अकरा वाजले. रांगेत तीन म्हशींवर घर चालवणारी हौसाबाई होती. तिने कॅनचं झाकण उघडून वास घेतला आणि खिडकीतून जनूकडे पाहिलं.

"यंत्राला दार गावंना," ती म्हणाली, "आन् ह्याला मातुर खुर्ची गावली."

त्या दिवशी चारशे लिटर दूध नासलं. हौसाबाईने आपलं तिथेच ओतलं, बरोबर चेअरमनच्या गाडीसमोर.

सर्जेराव आले. धोतर सावरत दुधातून पलीकडे गेले. "शिकतोय हो तो, मॅडम," ते म्हणाले. "एकेक चूक करूनच माणूस तयार होतो."

"चुका संपेपर्यंत म्हशी टिकायला हव्यात," मॅडम म्हणाल्या.

जनूने दार दुरुस्त केलं. म्हणजे चुकीच्या ओळीखाली बरोबर ओळ लिहिली. आता प्रत्येक सर्व्हरला दोन दारं झाली आणि कुठून जावं ते एकालाही ठरवता येईना. मॅडमचा आवाज आवारातल्या कुत्र्यांनीही ऐकला.

"नवं घालायच्या आधी जुनं पुसायचं, घोलप! जुनं पुसायचं!"

"जुनं पुसायचं," जनू म्हणाला. ही गोष्ट त्याला फार पटली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना एका दूध संकलन केंद्रावर जायचं होतं. निघण्यापूर्वी त्यांनी फाईल स्वतः लिहिली, स्वतः तपासली. "कशाला हात लावू नका" असं सांगणार होत्या, पण सर्जेराव शेजारीच उभे होते. म्हणून एवढंच म्हणाल्या, "दहा वाजता नुसती कळ दाबा. सगळं नवं बसेल."

दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी फोन केला.

"दाबली कळ?"

"दाबणार होतो, मॅडम. पण कळच दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"नवं बसायच्या आधी जुनं पुसलं. खोलीत जुनं म्हणजे कोपऱ्यातलं यंत्र. पूर्ण पुसलं. तीनदा विचारलं त्याने, खात्री आहे का म्हणून. मी तिन्ही वेळा हो म्हणालो."

फाईल त्या यंत्रात होती. कळ त्या यंत्रात होती. सर्व्हर येण्यापूर्वीच्या बारा वर्षांच्या दुधाच्या नोंदीही त्यातच होत्या.

मॅडम अगदी हळू बोलल्या. "घोलप, नीट ऐका. माझ्या कपाटात एक डिस्क आहे, काळी. तिच्यात सगळ्याची प्रत आहे, गेल्या महिन्याची. तिला हात लावू नका. मी येतेय."

"ती होय?" जनू म्हणाला. "ती तर मी पहिली पुसली, मॅडम. ती जास्त जुनी होती."