भोंग्याचा आकडा

यंत्रांना वाचा होती त्या काळची ही गोष्ट. एका बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीचा पंखा अडकला, आच वाढली आणि भोंगा कोकलला.

"कान किटले तुझ्या बोंबलण्याने!" तापमान सांभाळणारा कंट्रोलर खेकसला. पंख्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. भट्टी किती तापल्यावर भोंग्याने ओरडायचं, तो आकडाच त्याने वर सरकवला.

तोही आकडा आचेने गाठला. "अरे, दुखणं पंख्याला आणि तोंड माझं बंद करतोस?" भोंगा संतापून आणखी जोरात कोकलला. कंट्रोलरने आकडा पार वर नेऊन ठेवला.

बिस्किटांचा कोळसा झाला. कंट्रोलरची बटणं वितळायला लागली. "ओरड ना मेल्या!" तो किंचाळला.

भोंगा आतल्या आत धुमसत होता. "कसा ओरडू? तू ठरवलेला आकडा अजून यायचाय."