ऐलतीरावरची सेना

पूर्वी मेघवती नगरीत सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव क्षेमंकर. वयात आल्यावर तो राजाच्या सेनेचा वैद्य झाला. उत्तरेच्या डोंगरी राजाशी युद्ध सुरू झाले आणि सेना निघाली, तेव्हा त्याची पत्नी कौमुदी हिने स्वतः कातून विणलेली करडी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. म्हणाली, "तिकडे थंडी फार असते म्हणतात. आणि लवकर या."

पण लवकर येणे झाले नाही. डोंगरातला किल्ला पडता पडेना. वेढा घालून बसलेल्या सेनेवरून एक हिवाळा गेला, मग दुसरा आला. पाणी हाताला चावे, म्हणून अंघोळ कोणी करीना. तंबू थोडे, म्हणून एका कांबळ्यात दोघेतिघे चिकटून झोपत. अंगावरचा कपडा महिनोन्महिने उतरत नसे. त्या कपड्यांच्या शिवणींत उवा झाल्या. सैनिकांना त्याची लाज वाटे. जो तो दुसऱ्याची पाठ फिरली की अंग खाजवून घेई.

मग ताप आला. डोके असह्य दुखे, अंगावर तांबूस पुरळ उठे, आणि शुद्ध हरपलेला माणूस आईला, बायकोला, घरच्या बैलांना नावाने हाका मारी. बाणांनी मेले त्याहून अधिक माणसे या तापाने गेली.

क्षेमंकराच्या काढ्यांना गुण येत नव्हता. एके सकाळी तो नुकत्याच मेलेल्या एका सैनिकापाशी बसला होता. देह थंड पडत होता, आणि अंगरख्यातल्या उवा बाहेर पडून शेजारी झोपलेल्याच्या उबेकडे चालल्या होत्या. पुढे तो शेजारीही तापाने पडला. त्यानंतर क्षेमंकर लक्ष देऊन पाहू लागला. मेलेल्याचे कांबळे ज्याने पांघरले, तो बहुधा आजारी पडे. ताप उवांबरोबर फिरतो आहे, हे त्याला कळून चुकले.

तेवढ्यात किल्ला पडला. कोठारांत मऊ लोकरीची कांबळी सापडली. सैनिकांनी ती घरच्यांसाठी म्हणून वाटून घेतली, आणि थंडीच्या वाटेवर आधी स्वतःच पांघरली. सेना घराकडे चालू लागली, तसा तापही तिच्याबरोबर चालू लागला.

वेणुमती नदीच्या ऐलतीरावर सगळे पोहोचले, तेव्हा पैलतीरावर मेघवती उन्हात उभी होती. चुलींचा धूर दिसत होता. घाटावर बायका, मुले, म्हातारी माणसे दाटली होती. कोणाला आपले घर ओळखू येत होते, कोणाला आपल्या दारचे झाड. नावा तयार होत्या. तेव्हा क्षेमंकर नावांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"सेनापती, कोणालाही पार जाऊ देऊ नका," तो म्हणाला. "आपल्या कपड्यांत ताप आहे. तो घरोघर जाईल."

सेनापती वज्रबाहू रागावला. "किल्ला जिंकून आलेली सेना उवांना भिऊन नदीकाठी बसवू? लोक हसतील, वैद्यराज."

बोलता बोलता त्याचा हात चिलखताच्या आत मानेकडे गेला आणि तिथेच थांबला. क्षेमंकराने ते पाहिले. तो हळू आवाजात म्हणाला, "आपल्या मातोश्री घाटावर आल्या असतील. सर्वांत आधी त्याच आपल्याला पोटाशी धरतील."

वज्रबाहूने मानेवरचा हात खाली घेतला. मग त्याने नावाड्यांना रिकाम्या नावा परत न्यायला सांगितले.

सैनिकांत ओरड झाली. काठीला काठी लागायची वेळ आली. तेव्हा क्षेमंकराने मोठा जाळ करवला, खांद्यावरची करडी शाल काढली आणि क्षणभर तोंडावर धरली. दोन हिवाळे तो तिच्यात झोपला होता. तिला आता कौमुदीच्या हातांचा वास राहिला नव्हता, तरी त्याला तो येई. त्याने ती जाळात टाकली.

"मी सगळ्यांच्या शेवटी पार जाईन," तो म्हणाला.

मग एकेक जण पुढे आला. कांबळी जाळली. अंगावरचे कपडे मोठ्या कढयांत उकळले. डोक्यावरचे, अंगावरचे केस उतरवले. आजाऱ्यांची छावणी वेगळी केली. पैलतीरावरून धान्य येई, ते नदीतल्या खडकावर ठेवून नाव परत जाई. ज्याला पूर्ण एक महिना ताप आला नाही, त्याने पार जावे, असे ठरले.

कौमुदी रोज सायंकाळी घाटावर येई. पात्र रुंद, पाण्याचा आवाज मोठा, बोललेले ऐकू येत नसे. मुंडण केलेल्या इतक्या पुरुषांत आपला कोणता, हेही तिला ओळखता येईना. म्हणून ती सगळ्यांनाच हात करी, आणि ऐलतीरावरचा प्रत्येक जण तो आपल्याचसाठी आहे असे मानून हात वर करी.

शरभ नावाचा एक धनुर्धर होता. तो युद्धावर असताना त्याला मुलगी झाली होती. तिच्यासाठी घेतलेले छोटे कांबळे त्याने लपवून ठेवले होते. एके दिवशी ते डोक्याला बांधून तो पाण्यात शिरला. क्षेमंकर धावला आणि छातीभर पाण्यात त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"वाट सोडा, वैद्यराज. ती चालायला लागली असेल. मी तिला एकदाही पाहिलेली नाही."

"अडवत नाही मी. हे कांबळे तिला पांघरशील ना?"

"तिच्यासाठीच आणलंय."

"मग एकदा त्याची शिवण उलटून बघ."

शरभाने डोक्यावरचे कांबळे सोडले आणि शिवण उन्हात धरली. तिळासारख्या पांढऱ्या लिखा ओळीने चिकटल्या होत्या आणि त्यांच्यामधून उवा चालत होत्या. तो काठावर येऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. कांबळे त्याने स्वतःच जाळात टाकले.

हळूहळू माणसे पार जाऊ लागली. वज्रबाहूही गेला. शरभाची पाळी आली, पण आजाऱ्यांना पाणी द्यायला हात कमी पडत होते. "आणखी थोडे दिवस," म्हणत तो मागे राहिला. छावणी रिकामी होत आली, आणि एका सकाळी क्षेमंकराला उठवेना. आजाऱ्यांचे कपडे उतरवताना त्याला तापाने गाठले होते. अंगावर तांबूस पुरळ उठले.

ही बातमी धान्याच्या नावेबरोबर पलीकडे गेली. सायंकाळी कौमुदी नावेत बसून आली. आवाज पोहोचेल एवढ्या अंतरावर नावाड्याने नाव खडकाला बांधली. शरभाने क्षेमंकराला उचलून पाण्याजवळ निजवले.

"मी येते तिकडे," ती म्हणाली.

"ये म्हणायला जीभ रेटत नाही, कौमुदी. येऊ नको म्हणायलाही रेटत नाही."

"मग मी काय करू?"

"घरचं सांग."

ती सांगू लागली. तांबड्या गाईला कालवड झाली, तिच्या कपाळावर चांद आहे. अंगणातल्या डाळिंबाला या वर्षी फळ धरलंय, पण पोपट ठेवत नाहीत. शेजारच्या जावाजावा अजून विहिरीवर भांडतात आणि एकाच ताटात जेवतात. नवी लोकर आणली आहे, करडी मिळाली नाही, पांढरी मिळाली. क्षेमंकर डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "डाळिंबाला जाळी बांध."

"तुम्ही आलात की बांधू," ती म्हणाली, आणि पुढे सांगत राहिली.

काही वेळाने शरभाने क्षेमंकराच्या नाकाशी हात धरून पाहिला आणि मान खाली घातली. कौमुदीने ते पाहिले. तरी ती थांबली नाही. अंधार पडेपर्यंत ती घरचे सांगत होती.

ताप मेघवतीत शिरला नाही. शेवटचा आजारी बरा झाल्यावर आणि ठरलेला महिना गेल्यावर शरभ रिकाम्या हातांनी घरी पोहोचला. त्याची मुलगी आधी लपली, मग जवळ आली, आणि त्याच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवून हसली.

घराच्या ओढीने अन्न गोड लागेनासे झालेला एक भिक्षू जेतवन विहारात होता. शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा त्याला सांगितली आणि म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा शरभ म्हणजे तू. कौमुदी म्हणजे राहुलमाता, माझी या जन्मीची गृहस्थाश्रमातली पत्नी. आणि तो वैद्य क्षेमंकर मीच होतो. शरभ आणि क्षेमंकर दोघांनाही घराची ओढ होती, आणि ती शेवटपर्यंत सुटली नाही. दुसऱ्यांची घरे राखण्यासाठी ती त्यांनी सोसली. या सोसण्याला क्षांती म्हणतात."